आई पंचेचाळीस, बाळ सेहेचाळीस: कागल तालुक्यातल्या एका कुटुंबाची गुणसूत्रं

रुग्ण मुलगा, वय १९ दिवस. वजन बेताचं, अंगाला ढिलेपणा, दूध ओढताना दमतो म्हणून कोल्हापूरला पाठवलेला. आई २३ वर्षांची, बारावी झालेली. वडील २९ वर्षांचे, स्वतःचा ट्रॅक्टर, गाळप हंगामात ऊस वाहतूक, बाकी वर्षभर शेती. आधी एक गर्भ नवव्या आठवड्यात पडलेला. लग्न नात्यातलं, म्हणजे नवऱ्यानं मामाची मुलगी केलेली. त्यामुळे सून सासूला ‘आत्या’च म्हणते आणि जावई सासऱ्याला ‘मामा’. हे नातं पुढे फार महत्त्वाचं ठरणार आहे, म्हणून आधीच लिहून ठेवतो. कुटुंबाची ओळख पटेल असं बाकी काही इथे दिलेलं नाही.

बाळाच्या डोळ्यांच्या बाहेरच्या कडा किंचित वर गेलेल्या, नाकाचा दांडा बसका, मानेमागची कातडी सैल, दोन्ही तळव्यांवर आडवी एकच रेघ, पायाचा अंगठा आणि शेजारचं बोट यांत रुंद फट. उताणं उचललं की हातपाय लोंबकळायचे. यातलं एकेक लक्षण निरोगी बाळातही सापडतं. सगळी मिळून आली की डाउन सिंड्रोम मनात येतोच. टू-डी एकोत हृदयाच्या मधल्या पडद्याला छिद्र निघालं. डाउन सिंड्रोमच्या जवळजवळ निम्म्या बाळांना हृदयाचा काही ना काही दोष असतो, त्यामुळे एको हा ‘बघू नंतर’चा विषय नाही. थायरॉइडची तपासणी केली, राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमातून पुढची नोंदणी झाली. उपचारांची ती बाजू सरळ होती, म्हणून ती इथेच सोडतो.

गुंता वेगळाच होता. बाळाला आधी पाहिलेल्या एका डॉक्टरांनी निदान चेहऱ्यावरून केलं होतं आणि ते बरोबरच होतं. त्यापुढे त्यांनी घरच्यांना सांगितलं होतं, “नक्की आहे. गुणसूत्रांच्या तपासणीला उगाच पैसे घालवू नका. पुढच्या वेळी असं होणार नाही.” यातलं पहिलं वाक्य खरं, दुसरं चुकीचं, आणि दुसऱ्यामुळे तिसरं निराधार.

चेहरा काय सांगत नाही

माणसाच्या जवळजवळ प्रत्येक पेशीच्या केंद्रकात ४६ गुणसूत्रं, म्हणजे डीएनएचे लांब धागे, असतात, २३ जोड्या. जोडीतलं एक आईकडून, एक वडिलांकडून. डाउन सिंड्रोममध्ये २१व्या गुणसूत्रावरचा मजकूर दोनऐवजी तीन प्रतींत असतो. पॅरिसमध्ये जेरोम लेज्यून आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९५९ मध्ये हे दाखवून दिलं. शंभरातल्या सुमारे ९५ मुलांत हे २१वं गुणसूत्र सुटं, स्वतंत्र असतं आणि एकूण संख्या ४७ भरते. तीन-चार मुलांत मात्र ते दुसऱ्या एखाद्या गुणसूत्राला चिकटून आलेलं असतं. उरलेल्या एखाद्-दोघांत काही पेशी ४६ च्या, काही ४७ च्या अशी सरमिसळ असते.

तिन्ही प्रकारांत बाळ दिसायला सारखंच. पुढच्या बाळंतपणाचा हिशेब मात्र तिन्हींत वेगळा. सुटं २१ असेल तर ती बहुधा एका बीजपेशीत झालेली चूक असते, आणि आई तरुण असेल तर पुन्हा तसं होण्याची शक्यता शंभरात एकाच्या आसपास. चिकटलेलं २१ आईकडून आलं असेल तर ती शंभरात दहा ते पंधरा. वडिलांकडून आलं असेल तर एक-दोनच टक्के. आणि २१ दुसऱ्या २१लाच चिकटलेलं असेल, तर त्या आईचं किंवा वडिलांचं जन्माला येणारं प्रत्येक मूल डाउन सिंड्रोमचंच.

आई २३ वर्षांची होती. त्या वयात डाउन सिंड्रोमचं बाळ होण्याची शक्यता साधारण दीड हजारात एक, तर चाळिशीला शंभरात एक. तरुण आई आणि आधीचा पडलेला गर्भ, एवढ्यावरून काही सिद्ध होत नाही. पण मुळात कुठल्याच डाउन बाळाची गुणसूत्रं न पाहता घरच्यांना पुढचा शब्द देऊ नये. पैसे घालवायचेच तर ते इथे घालवावेत, असं माझं स्पष्ट मत आहे.

हिरव्या झाकणाची नळी

गुणसूत्रं एरवी दिसत नाहीत. एका पेशीतला डीएनए ताणून सरळ केला तर सुमारे दोन मीटर भरेल, आणि तो मावतो मिलिमीटरच्या शंभराव्या भागाहून लहान केंद्रकात. हिस्टोन नावाच्या आठ प्रथिनांच्या गुठळीभोवती डीएनएच्या १४७ अक्षरजोड्या पावणेदोनच्या आसपास वेढे घेतात. अशा लाखो गुठळ्या, त्यांची पुन्हा वळी. पेशीचं रोजचं काम चालू असतं तेव्हा यातला बराच भाग उकललेला असतो, कारण उकलल्याशिवाय जनुकं वाचता येत नाहीत. पेशी दुभंगायच्या बेतात आली की सगळं आवळलं जातं आणि तेवढा वेळच गुणसूत्रं सूक्ष्मदर्शकाखाली एकेकटी ओळखता येतात.

म्हणून या तपासणीला जिवंत रक्त लागतं. नमुना हेपारिनच्या, हिरव्या झाकणाच्या नळीत घ्यायचा. नेहमीच्या रक्तगणनेच्या जांभळ्या झाकणाच्या नळीत घेतला तर पेशी वाढवताना पंचाईत होते. बर्फात गोठवायचा नाही. आमचा नमुना रातोरात पुण्याला गेला. तिथे पांढऱ्या पेशींना दुभंगायला चिथावणी देणारं द्रव्य घालून त्या ३७ अंशांवर सुमारे तीन दिवस वाढवल्या, मग दुभंगण्याच्या ऐन क्षणी कोल्चिसिनच्या जातीच्या औषधानं थांबवल्या. त्यानंतर पातळ क्षारपाणी. या पाण्यानं पेशी फुगतात आणि आतली गुणसूत्रं एकमेकांपासून सुटी होतात.

हे पाणी साधं वाटतं, पण ते वापरात रुळेपर्यंत जगभरच्या पुस्तकांत माणसाची गुणसूत्रं ४८ छापली जात होती. एकमेकांवर पडलेली गुणसूत्रं मोजताना १९२३ पासून सगळे तोच आकडा ‘पाहत’ आले. १९५६ मध्ये स्वीडनमधल्या लुंडहून त्जियो आणि लेवान यांनी ४६ हा आकडा छापला, तोवर फारशी शंका कुणी घेतली नाही. मोठ्या माणसांनी सांगितलेला आकडा डोळ्यांना दिसायलाही लागतो, याचा याहून चांगला नमुना मला माहीत नाही.

रिपोर्ट यायला दोन-तीन आठवडे लागतात. त्या काळात घरात काय चाललं होतं ते सून नंतर बोलली. आत्याचं एकच पालुपद होतं: “आमच्या घरात असलं कधी कुणाला झालं न्हाई. पोरीनं गिराण पाळलं न्हाई, तिथंच घोटाळा झाला.” शेजारपाजारचे पपईवर आले होते. नवरा गप्प.

रिपोर्ट

बाळाचा कागद समोर ठेवला तेव्हा नवऱ्यानं आधी आकडा वाचला. “शेहेचाळीसच हाईत की डॉक्टर. म्हंजे नॉर्मल?”

त्या कागदावर गुणसूत्रं मोठ्यापासून लहानापर्यंत जोडीजोडीनं लावलेली असतात. गिम्सा रंगानं प्रत्येकावर गडद-फिकट आडवे पट्टे उमटतात आणि पट्ट्यांचा क्रम प्रत्येक गुणसूत्राचा स्वतःचा. प्रत्येकाला एक आवळलेली कंबर असते, सेंट्रोमिअर. पेशी दुभंगताना दोरे याच ठिकाणी पकडतात आणि जोड खेचून दोन बाजूंना नेतात. कंबर नसलेला तुकडा कुणीच ओढत नाही, तो एक-दोन विभाजनांत हरवतो. दोन्ही टोकांना टेलोमिअर, म्हणजे सहा अक्षरांची हजारो वेळा आलेली तीच ती पुनरावृत्ती. ही टोकं झाकलेली असतात म्हणून एक गुणसूत्र दुसऱ्याला जाऊन चिकटत नाही. कंबरेच्या वरची भुजा आखूड, खालची लांब.

१३, १४, १५, २१ आणि २२ ही पाच गुणसूत्रं या बाबतीत विचित्र आहेत. त्यांची कंबर जवळजवळ डोक्याशी असते आणि आखूड भुजा नावापुरती. त्या भुजेवर मुख्यतः पेशीत प्रथिनं घडवणाऱ्या रायबोसोमच्या आरएनएची जनुकं असतात, तीही पाचही जोड्यांवर, म्हणजे दहा ठिकाणी, तीच ती. ही आखूड टोकं एकमेकांसारखी असतात आणि केंद्रकात एकाच ठिकाणी जमतात. त्यामुळे एखादे वेळी दोन वेगळ्या गुणसूत्रांच्या कंबरा जुळून दोन लांब भुजांचं एकच गुणसूत्र तयार होतं आणि दोन्ही आखूड भुजा गळून पडतात. नाकतोड्यांत १९१६ मध्ये हे पाहणाऱ्या रॉबर्टसन यांचं नाव या प्रकाराला आहे. माणसांत असं जोडगुणसूत्र हजारात एकाच्या आसपास असतं. या आखूड भुजांचा डीएनए शेवटपर्यंत वाचायला २०२२ साल उजाडावं लागलं, कारण इतक्या सारख्या तुकड्यांत कुठला कुणाचा हे जुन्या पद्धतींना लावता येत नव्हतं.

बाळाच्या कागदावर २१ची जोडी पूर्ण होती. १४चं एकच सरळ होतं. दुसऱ्या १४च्या जागी जे होतं त्याची खालची भुजा १४ची, पण कंबरेच्या वर, जिथे जेमतेम ठिपका असायला हवा, तिथे कंबरेजवळ एक ठळक गडद पट्टा असलेली अख्खी भुजा. ती २१ची. म्हणजे मोजायला ४६ आणि वाचायला २१च्या तीन प्रती.

जाता जाता एक. क्रमांक आकारानुसार दिलेले असताना सगळ्यांत लहान गुणसूत्र २१ आहे, २२ नाही. क्रम लावताना चूक झाली आणि ती कळेपर्यंत डाउन सिंड्रोमशी २१ हा आकडा कायमचा जोडला गेला होता. मग तो तसाच ठेवला.

लहान असणं इथे महत्त्वाचं आहे. २१च्या लांब भुजेवर प्रथिनं घडवणारी दोनशेच्या वर जनुकं आहेत, एक क्रमांकाच्या गुणसूत्रावर त्याच्या कितीतरी पट. जनुक बिघडलेलं नसलं तरी दोनच्या जागी तीन प्रती चालल्या की त्याचा माल साधारण दीडपट निघतो, आणि शेकडो जनुकांचा दीडपट माल हृदयाच्या पडद्यापासून स्नायूंच्या ताणापर्यंत सगळीकडे जाणवतो. २१ची तिसरी प्रत घेऊन बाळ जन्माला येऊ शकतं ते ही संख्या थोडी म्हणून. त्यातलं एपीपी हे जनुक मेंदूत साचणाऱ्या अमिलॉइड नावाच्या प्रथिनाचं. म्हणूनच या मुलांना पुढे चाळिशी-पन्नाशीत अल्झायमर लवकर गाठतो.

आईवडिलांचे नमुने

आता आईवडील दोघांची तपासणी अटळ होती. नात्यातलं लग्न असल्यामुळे तर अधिकच, कारण हे जोडगुणसूत्र त्या घराण्यात आधीपासून असेल तर ते दोघांकडेही असू शकत होतं.

वडील: ४६, सगळं जागच्या जागी. आई: ४५. एक १४, एक २१, आणि एक १४-२१चं जोडगुणसूत्र.

आत्यानं डोक्यावरचा पदर सावरला आणि थेट विचारलं, “पंचेचाळीस हाईत म्हणताय, मग ही शाणीसुरती कशी? बारावी झालीया, घरचा सगळा हिशेब हीच ठेवती.”

प्रश्न अगदी बरोबर होता. मी कागदावर रेघा काढून समजावत होतो, तेवढ्यात नवऱ्यानं माझ्या हातातलं पेन घेतलं. “म्हंजे डबल ट्रॉली. काट्यावर गाड्या मोजल्या तर एक कमी भरती, वजन केलं तर माल तेवढाच.” इतक्या वर्षांत मला याहून चांगलं सांगता आलेलं नाही. आईकडे १४चाही माल पुरा, २१चाही पुरा. गळालेल्या दोन आखूड भुजांवर जे होतं ते उरलेल्या आठ ठिकाणी आहेच. तिच्या तब्येतीला कशाचीही कमतरता नाही.

अडचण बीज तयार होताना येते. एरवी जोडीतली दोन गुणसूत्रं समोरासमोर येतात आणि एकेक करून दोन बाजूंना जातात. तिच्या बीजपेशीत मात्र १४, २१ आणि जोडगुणसूत्र असे तिघे एकत्र येतात आणि तिघांना दोन बाजूंना वाटायचं असतं. वाटणीचे सहा प्रकार होतात. एका बाजूला सुटे १४ आणि २१ गेले तर बाळ ४६चं, साधं. नुसतं जोडगुणसूत्र गेलं तर बाळ ४५चं, आईसारखं, निरोगी. जोडगुणसूत्रासोबत सुटं २१ही गेलं तर डाउन सिंड्रोम. उरलेल्या तीन प्रकारांत २१ची एक प्रत कमी पडते, किंवा १४ची कमी, किंवा १४ची जास्त. असा गर्भ टिकत नाही. तिचा नवव्या आठवड्यातला गर्भ यातलाच असू शकेल, पण त्याची तपासणी झालेली नव्हती, म्हणून नोंदीत मी तसं लिहिलं नाही. गर्भपात इतर कारणांनीही होतातच.

ग्रहणाचं आणि पपईचं उत्तर मी सर्वांसमोर दिलं. हे जोडगुणसूत्र सून स्वतः पोटात होती तेव्हापासून तिच्या प्रत्येक पेशीत आहे. शिवाय मुलीच्या बीजांच्या वाटणीची सुरुवात ती जन्मायच्या आधीच झालेली असते आणि वयात आल्यावर ते ते बीज पिकून बाहेर पडायची वेळ येईपर्यंत ती मध्येच थांबलेली असते. गरोदरपणात काय खाल्लं, कुठे बसली, विळी हातात धरली की नाही, यांचा तिथे काही संबंध पोचत नाही.

माहेर कुणाचं

यापुढचा प्रश्न सुनेनं विचारला, तोही हळूच. “माझ्याकडं कुठनं आलं?”

काही वेळा असा जोड नव्यानं घडतो. बऱ्याचदा तो आईवडिलांपैकी एकाकडून आलेला असतो. मामांचा, म्हणजे सुनेच्या वडिलांचा नमुना घेतला. ४५. तिच्या आईचा ४६.

आता मामांची बहीण म्हणजे आत्या. दोष सुनेच्या माहेरावर ढकलला जात होता आणि सुनेचं माहेर तेच सासूचं माहेर. आत्याला हे माझ्याआधी कळलं होतं. तपासणीला त्या कां-कूं करतील असं वाटलं होतं, पण दंड पुढे करून त्या म्हणाल्या, “घ्या. माझीबी दोन पोटं पडलीती. तवा कुणी इचारलं न्हाई का पडली म्हणून.”

आत्या: ४५.

म्हणजे नवऱ्यालाही हे जोडगुणसूत्र मिळण्याची शक्यता जवळजवळ निम्मी होती आणि ते त्याला मिळालेलं नाही. मिळालं असतं तर हिशेब आणखी अवघड झाला असता. आईवडील दोघेही एकाच जोडगुणसूत्राचे वाहक असले तर दोन्हीकडून जोड घेऊन ४४ गुणसूत्रांचं निरोगी मूलही होऊ शकतं. अशा व्यक्तींच्या नोंदी वैद्यकीय साहित्यात आहेत, आणि त्या बहुतेक नात्यातल्या लग्नांतूनच मिळालेल्या. पण चुकीच्या वाटणीची शक्यता दोन्ही बाजूंनी वाढते. नात्यातल्या लग्नामुळे डाउन सिंड्रोम झाला का, हे मला बाहेर थांबलेल्या एका पाहुण्यानंही विचारलं. या घरात तरी नाही. जोड फक्त आईकडून आला आहे. परक्या घरात लग्न झालं असतं तरी तिच्यापुरता धोका तेवढाच राहिला असता.

आत्यांनी त्या दिवसानंतर ग्रहणाचा विषय काढला नाही, एवढं सून सांगते. बाळाला व्यायाम द्यायला फिजिओथेरपीला आता त्याच घेऊन येतात.

दुसरं गरोदरपण

दोन वर्षांनी ती पुन्हा गरोदर राहिली. राहण्याआधीच तिला तिन्ही वाटा सांगितल्या होत्या: प्रयोगशाळेत गर्भ तयार करून तपासून रोवणं, दिवस राहिल्यावर गर्भाची तपासणी, किंवा काहीच न करणं. पहिलीचा खर्च ऐकून दोघांनी ती बाजूला ठेवली. तिसरीबद्दल ती म्हणाली, “दुसरं तसंच निघालं तरी मी सांभाळीन. पण आधी कळू दे, तयारी करता येती.” मी यात मत दिलं नाही. ते माझं काम नव्हे.

आईच्या रक्तातून होणारी एनआयपीटी चाचणी हल्ली कुणीही सुचवतं. इथे तिच्यावर विसंबणं मला पटलं नाही. ती २१चा मजकूर जास्त आहे का एवढं सांगते, तो सुटा आहे की जोडलेला हे नाही, आणि जास्त आहे म्हणाली तरी खात्रीसाठी गर्भजल काढावंच लागतं. आधीच धोका दहा टक्क्यांच्या वर असलेल्या आईला मधली पायरी कशाला?

कायद्याचा भाग थोडक्यात. गर्भलिंगनिदानाला आळा घालणारा कायदा महाराष्ट्रानं १९८८ मध्ये देशात पहिल्यांदा केला, केंद्राचा १९९४चा. गुणसूत्रांच्या दोषासाठी गर्भाची तपासणी कायद्यात बसते, पण नोंदणीकृत केंद्रातच आणि आईच्या लेखी संमतीनं. संमतीचा नमुना जी, नोंदीचा नमुना एफ. ज्या तपासणीत एक्स आणि वाय गुणसूत्रं डोळ्यांसमोर असतात तिच्या अहवालात त्यांचा उल्लेख येत नाही. आत्यांनी एकदा चाचपडून पाहिलं. “तेवढं इचारू नका,” असं मी म्हणायच्या आत सुनेनंच सांगितलं.

सोळाव्या आठवड्यात गर्भजल काढलं. सुईमुळे गर्भ जाण्याचा धोका अनुभवी हातात शंभरात एकापेक्षा कमी असतो, हे आधी दोनदा समजावलेलं होतं. झटपट चाचणीचा निकाल काही दिवसांत आला: २१च्या दोनच प्रती. पुढे पेशी वाढवून पूर्ण रिपोर्ट: ४५, आईसारखं जोडगुणसूत्र, मजकूर तंतोतंत.

इथे बरेच जण थांबतात. जोडात १४ असताना थांबू नये. कधीतरी गर्भ सुरुवातीला १४च्या तीन प्रतींचा असतो आणि एक प्रत टाकून देऊन सावरतो. टाकलेली प्रत नेमकी वडिलांची असली तर दोन्ही १४ आईकडचे उरतात. १४वर काही जनुकं अशी आहेत की ती आईकडून आली तर मिटलेली आणि वडिलांकडून आली तर उघडी, काही त्याच्या उलट. दोन्ही प्रती एकाकडूनच आल्या तर संख्या बरोबर असूनही बाळ आजारी होऊ शकतं. शक्यता एक टक्क्याहून कमी, पण तपासणी सोपी आहे: आईवडिलांच्या आणि गर्भाच्या डीएनएची तुलना. ती केली. एक १४ आईच्या जोडातलं, एक वडिलांचं.

मुलगी पूर्ण दिवसांची झाली, वजन चांगलं. थोरल्याच्या हृदयाची शस्त्रक्रिया त्याआधीच झाली होती आणि तो आता धरून चालतो.

घरातल्या बाकीच्यांचं काम अर्धं झालं आहे. इचलकरंजीला दिलेल्या नणंदेची तपासणी झाली, ४६. सुनेच्या धाकट्या भावाचं लग्न ठरतंय आणि त्याला आत्ता तपासणी नको आहे. तो त्याचा अधिकार. पुरुष वाहक असला तर धोका कमी असतो, पण शून्य नसतो, हे त्याला एकट्याला बसवून सांगितलं आणि बायको गरोदर राहायच्या आधी ये असं चिठ्ठीवर लिहून दिलं. मुलीच्या फाइलवर पहिल्याच पानाला रिपोर्टची प्रत टाचली आहे, खाली मराठीत लिहिलं आहे: स्वतःची तब्येत ठणठणीत, औषध काही नाही, शाळेत किंवा कुठल्या फॉर्मवर लिहायची गरज नाही, १८ वर्षांची झाल्यावर तिला स्वतःला समजावून सांगणे.